बेटी गोर कोण होती? (वायली, टेक्सस, १९८०)

कुंदकळी

बेटी गोरच्या खुनाच्या खटल्यावर २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन मालिका आल्या. इथल्या 'सध्या काय बघताय' धाग्यावर दोन्हींवर पानंच्या पानं भरली. सगळा काथ्याकूट आरोपी कँडी माँटगोमेरीवर. तिचे कुरळे केस, तिचा मोठ्ठा चष्मा, आणि ती सुटलीच कशी. जिच्या अंगावर कुऱ्हाडीचे ४१ घाव मोजले गेले, तिच्या वाट्याला आलं एकच विशेषण : 'किरकिरी'. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी घटना. १३ जून १९८०, शुक्रवार. डॅलसच्या ईशान्येला वायली नावाचं गाव. बेटी गोर, वय ३०, शाळेत शिक्षिका, दोन मुलींची आई. नवरा अ‍ॅलन त्या दिवशी कामासाठी मिनेसोटात सेंट पॉलला गेलेला. मोठी मुलगी मैत्रिणीकडे, म्हणजे कँडीच्या मुलीकडे, राहायला गेली होती आणि तिला तिथे अजून एक दिवस राहायचं होतं. तर तिचा पोहण्याचा पोशाख न्यायला कँडी सकाळी बेटीकडे आली. दुपारपर्यंत कँडी परत चर्चमध्ये होती, तिथे मुलांचं सुट्टीतलं बायबल स्कूल चालू होतं. बेटी घरातल्या धुण्याच्या खोलीत मरून पडली होती. धाकटी, अजून वर्षाचीही झाली नव्हती, ती आतल्या खोलीत पाळण्यात.

दोन आठवड्यांत कँडीला अटक. ऑक्टोबरमध्ये मॅकिनीला खटला. मारलं मीच, पण जीव वाचवायला मारलं, असं तिचं म्हणणं. कुऱ्हाड आधी बेटीनं उचलली, कारण कँडीचे अ‍ॅलनशी संबंध होते हे तिनं त्याच सकाळी विचारून काढलं. नऊ बायका आणि तीन पुरुषांच्या ज्यूरीनं कँडीला निर्दोष सोडलं.

आता बेटी. माहेरचं नाव पोमरॉय. कॅन्ससमधलं नॉर्विच हे तिचं गाव, इतकं लहान की आपण त्याला वाडीच म्हणू. विनफील्डच्या साउथवेस्टर्न कॉलेजात शिकायला गेली, ते मेथडिस्ट परंपरेतलं कॉलेज. तिथे गणिताच्या वर्गाला मदतनीस म्हणून शिकवायला अ‍ॅलन होता. १९७० च्या जानेवारीत लग्न. मग त्याच्या नोकरीमागे टेक्सस. शिक्षिकेची नोकरी, पहिली मुलगी, रविवारी लूकस इथल्या मेथडिस्ट चर्चला जाणं. अ‍ॅलनला कामासाठी बाहेरगावी जावं लागे आणि एकटीनं रात्र काढणं तिला जमत नसे. जमत नसे म्हणजे नुसतं आवडत नसे असं नव्हे, ती खरोखर घाबरायची. १९७९ च्या उन्हाळ्यात दुसरी मुलगी झाली. आणि त्या जूनच्या सकाळी, अ‍ॅलन निघायच्या आधी, पुन्हा दिवस गेले असावेत ही भीती तिनं बोलून दाखवली होती.

या सगळ्यातून मला जी बाई दिसते ती किरकिरी नाही. तुम्हाला काय दिसतं?

टेक्ससकर

छान धागा. मी या भागातच राहतो, थोडा भूगोल देतो. आजचं वायली बघून १९८० चं कळणार नाही. तेव्हा वस्ती तीन हजारांच्या आसपास, २०२० च्या जनगणनेत ५७ हजारांवर. पण बदलाची सुरुवात तेव्हाच झाली होती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्ससारख्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या रिचर्डसन-डॅलस पट्ट्यात वाढल्या आणि इंजिनिअर मंडळी शांत जागा, मोठं अंगण, चांगली शाळा म्हणून कॉलिन काउंटीतल्या शेतजमिनींवर घरं बांधून राहायला आली. कँडीचा नवरा पॅट टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्येच होता. ते फेअरव्ह्यूला राहायचे.

म्हणजे 'छोटं गाव' म्हटल्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी माणसं डोळ्यापुढे येतात, तसं हे नव्हतं. सगळे नवे. आईवडील, सासूसासरे शेकडो मैलांवर. नवरे गाडी घेऊन कामावर, बायका मुलांबरोबर घरात. ओळखी व्हायची जागा एकच, चर्च. इथे नव्यानं आलेल्या मराठी माणसाला पहिली दोन-तीन वर्षं मराठी मंडळ असतं ना, तसंच. गणपती, नाटक, डबे, भांडणं सगळं तिथेच.

मिरमिरा

मी दोन्ही मालिका पाहिल्यात आणि मला बेटी खरंच सहन झाली नाही. सारखी तक्रार, सारखा संशय. अ‍ॅलनची बाजू घेत नाहीये, पण घरी असं वातावरण असेल तर माणूस बाहेर बघतो. धागाकर्तीला एक प्रश्न : ती तशी नव्हती हे तुला कसं माहीत?

कुंदकळी

@मिरमिरा, ती तशी होती हे तुला कसं माहीत, असं उलट विचारते. भांडायला नाही, खरंच विचार कर.

बेटीबद्दल जे काही आपल्यापर्यंत आलंय ते मुख्यतः तिघांकडून आलंय. एक कँडी, जिनं तिला मारलं. दोन, कँडीचा वकील, ज्याला ज्यूरीसमोर बेटी कुऱ्हाड उचलू शकेल अशी बाई उभी करायची होती. तीन अ‍ॅलन, जो तिला फसवत होता. बेटी तेवढी बोलायला उरली नाही. या तिघांच्या सांगण्यातून जी बाई तयार होईल ती किरकिरी, संशयी, अंथरुणात थंड अशीच होणार. मालिकावाल्यांनी त्यावर कपडे चढवले.

आणि संशय म्हणशील तर संशय खरा होता! १९७८ मध्ये चर्चच्या व्हॉलीबॉलच्या खेळात कँडी आणि अ‍ॅलन एकमेकांवर आदळले, तिथून कँडीच्या डोक्यात हे प्रकरण आलं. मग तिनंच त्याला विचारलं. पुढचे काही आठवडे दोघांनी बसून अटी ठरवल्या. कुणी भावनेत अडकायचं नाही, खर्च वाटून घ्यायचा, वार कोणता, जेवणाचा डबा कोण आणणार. १२ डिसेंबर १९७८ ला सुरुवात. रिचर्डसनमधल्या मोटेलात भेटायचे. बेटी तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. घरात काहीतरी बिनसलंय एवढं जाणवणारी आणि कशानं ते न कळणारी बाई तक्रार करेल नाहीतर काय करेल?

नानबा

+१. 'अंथरुणात थंड' हे तर हुकमी पान आहे, कुठल्याही देशात चालतं.

ॲडव्होकेट_तळटीप

कायद्याची बाजू मांडतो, कारण 'सुटलीच कशी' हा प्रश्न इथेही येणार.

टेक्ससच्या दंड संहितेत स्वसंरक्षणाचा मुद्दा आरोपीनं पुराव्यासकट एकदा उभा केला की तो खोटा पाडायची जबाबदारी सरकार पक्षावर जाते, आणि तीही वाजवी संशयापलीकडे. आपल्याकडे उलटं आहे. खासगी बचावाचा अपवाद लागू होतो हे दाखवायचा भार आपल्या पुरावा कायद्यात आरोपीवर असतो. वायलीच्या त्या खोलीत दोनच माणसं होती, त्यातली एक मेली. जिवंत असलेलीची हकिगत खोटी आहे हे वाजवी संशयापलीकडे कसं सिद्ध करणार?

सरकार पक्षाचा भर होता की ती पळू शकली असती. हा मुद्दा हवेतला नव्हता. तेव्हाच्या टेक्सस कायद्यात जीवघेणं बळ वापरायचं तर 'समंजस माणूस त्या जागी माघार घेऊन निघून गेला नसता' ही अट होती (ती पुढे सैल झाली, २००७ नंतर बरीचशी गेलीच). आणि ४१ घाव. एक-दोन घाव स्वसंरक्षण, पुढचे कशासाठी? याला बचाव पक्षाचं उत्तर होतं ह्यूस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेड फेसन. त्यांनी कँडीला संमोहित करून लहानपणीची एक आठवण बाहेर काढली. चार वर्षांची असताना जखम झाली, दवाखान्यात ती रडत होती आणि आईनं 'शूऽऽ' करून गप्प केलं. झटापटीत बेटीनंही 'शूऽऽ' केलं आणि आत दाबलेला सगळा राग उसळून आला, असं त्यांचं म्हणणं. ज्यूरीला ते पटलं, किंवा निदान शंका घ्यायला पुरलं. साधारण तीन तासांत निकाल.

मिरमिरा

तीन तास! आणि वरच्या कोर्टात कुणी गेलं नाही?

ॲडव्होकेट_तळटीप

जाताच येत नाही. अमेरिकेत ज्यूरीनं निर्दोष म्हटलं की विषय संपला, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा उभं करता येत नाही, घटनेची पाचवी दुरुस्ती आड येते. इथे आपल्या लोकांना नानावटी आठवेल, बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घालणारा नौदल अधिकारी. १९५९ साली मुंबईत ज्यूरीनं ८ विरुद्ध १ नं नानावटीला निर्दोष ठरवलं, पण तेव्हाच्या आपल्या कायद्यात सत्र न्यायाधीशाला ज्यूरीचा कौल पटला नाही तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत होतं. पाठवलं, जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मॅकिनीच्या न्यायाधीशाकडे ती खिडकीच नव्हती.

अवांतर : दोन्हीकडे मेलेल्या माणसाला कोर्टात किती नागडं केलं हे ताडून बघण्यासारखं आहे. प्रेम आहुजाच्या टॉवेलवर झालेला ऊहापोह आठवा.

नगरकर

मी ख्रिस्ती आहे, नगरचा. आमच्याकडे तीन पिढ्या मंडळीत आहेत. टेक्ससकरांनी चर्चबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला चर्च म्हणजे रविवारचा एक तास वाटतो.

रविवारी उपासना, त्याआधी मुलांची शब्बाथ शाळा, तिला शिकवणाऱ्या बायका वेगळ्या. आठवड्यात गायनाचा सराव, महिला मंडळाची सभा, कुणी आजारी असेल तर जेवण पोचवायची पाळी. सुट्टीतलं बायबल स्कूल म्हणजे तर आठवडाभर सकाळचा धुमाकूळ : चिकटकाम, गाणी, सरबत, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. हे सगळं करतात कोण? बायका. पाळक कुणीही असो, मंडळी चालते ती यांच्यावर. कँडी यात पुढे असायची, बेटीही येणारी-करणारी होती. दोघी एकाच यादीत.

मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. मारणारी त्या चर्चची. मेलेली त्या चर्चची. मारणारीचा वकील डॉन क्राउडर, तोही त्याच चर्चमधून ओळखीचा! तो नुकसानभरपाईचे दिवाणी दावे लढवायचा, खुनाचा खटला त्यानं आधी चालवला नव्हता. कँडी त्याच्याकडे गेली कारण तो ओळखीचा होता. म्हणजे संकटात मंडळीनं धावून जावं असं आपण म्हणतो, ते धावून जाणं झालं, पण एकाच बाजूला. बेटीकडे कोण धावलं? ती गेल्यावर तिच्या बाजूनं बोलायला कॅन्ससहून म्हातारे आईवडील यावे लागले.

कुंदकळी

@नगरकर, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं. चर्चनं बेटीला काय दिलं यावर एक गोष्ट सांगते.

'मॅरेज एन्काउंटर' नावाचा प्रकार आहे. मूळ स्पेनमधल्या कॅथलिक धर्मगुरूनं सुरू केलेला, साठच्या दशकात अमेरिकेत आला आणि पुढे इतर पंथांनीही उचलला. शनिवार-रविवार जोडप्यांनी बाहेर राहायचं. ठरलेल्या प्रश्नावर दोघांनी वेगवेगळं बसून वहीत लिहायचं, मग वह्या बदलायच्या, वाचायचं, त्यावर बोलायचं. घरी गेल्यावरही रोज दहा मिनिटं लिहिणं, दहा मिनिटं बोलणं. १९७९ मध्ये बेटी आणि अ‍ॅलन याला जाऊन आले. त्यानंतर अ‍ॅलननं कँडीशी संबंध संपवले.

म्हणजे बघा, त्या लग्नात नांगर टाकून बसलेली बाई बेटी होती. रात्रपाळीच्या बाळाला घेऊन, नोकरी सांभाळून, त्या वह्या लिहीत होती. आपल्याला हे फिल्मी वाटतं, पण घरात जे बोलता येत नाही ते कागदावर लिहिणं हा सत्तरच्या दशकातल्या कॅन्ससच्या मुलीसाठी लहान पराक्रम नव्हता. मालिकांत तो प्रसंग येतो आणि जातो, कारण त्यात थरार नाही.

भाकरवडी

आता मी थोडी वाईट होते. बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? मी दवाखान्यात बाळंतिणींबरोबर काम करते. रात्री एकटं राहायची भीती, नवरा गावाला निघाला की जीव वरखाली होणं, बाळ वर्षाचं व्हायच्या आत पुन्हा दिवस गेल्याची धास्ती, हे ऐकलं की आम्ही आज लगेच काही प्रश्न विचारतो. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणतात ती, दहा प्रश्नांची. पण ती प्रसिद्धच झाली १९८७ मध्ये. १९८० साली अशा बाईला 'नाजूक आहे', 'सवय लागेल', 'प्रार्थना कर' यापलीकडे फारसं काही मिळत नसे.

बेटीला नैराश्य होतंच असं मी इथे बसून म्हणणार नाही. न बघितलेल्या बाईचं निदान करायचं नसतं. पण 'किरकिरी' हेसुद्धा निदानच आहे, आणि ते मात्र सगळे बिनधास्त करतात.

नानबा

भाकरवडीताई, यात वाईट काय झालात? हे तर धाग्यात यायलाच हवं होतं.

मिरमिरा

बरं, बाळंतपणाचं पटलं. पण कुंदकळी, तुझंही एक चुकतंय असं वाटतं. मालिकांनी तिला किरकिरी केलं आणि तू तिला सोशिक पतिव्रता करतेयस. नांगर काय, पराक्रम काय. तीही शेवटी एक साचाच ना? आणि कँडी म्हणते ते खरं असेल तर कुऱ्हाड हिनंच आणली होती.

कुंदकळी

सोशिक मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. आणि कुऱ्हाडीचं म्हणशील तर त्यावर बोलायचंच आहे.

समजा कँडीचं अक्षर अन् अक्षर खरं. म्हणजे बेटीनं सरळ विचारलं, उत्तर ऐकलं, आत गेली आणि हातभर नव्हे, तीन फुटी दांड्याची कुऱ्हाड घेऊन आली. तर मग ही घाबरट, रडकी बाई नव्हे. दीड वर्ष जे तिच्यापासून लपवलं ते तिनं स्वतः शोधलं आणि समोरासमोर विचारलं. तो राग मला कळतो. चुकीचा, भयंकर, पण कळतो. गंमत अशी की तीच माणसं एका दमात तिला दुबळी म्हणतात आणि दुसऱ्या दमात जीव घ्यायला उठलेली. कोर्टात दोन्ही सोयीचं होतं.

आणि समजा कँडीचं खोटं. तर मग त्या सकाळबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही.

दोन्हीत एक गोष्ट मात्र कँडीनंच सांगितलीय, आणि ती खोटी सांगायचं तिला काही कारण नव्हतं, म्हणून मी ती धरून ठेवते. पोशाख देताना बेटीनं पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचं बजावलं. मुलगी पोहायला शिकत होती आणि पाण्यात तोंड घालायला घाबरायची. तोंड पाण्याखाली घातलं की बक्षीस म्हणून गोळी द्यायची असं मायलेकींचं ठरलं होतं. आज शिकवणीला कँडी नेणार, तर गोळ्याही कँडीनं द्यायच्या. नवऱ्याच्या प्रकरणाची शंका डोक्यात घेऊन उभी असलेली बाई पोरीला दिलेला शब्द विसरत नाही.

भाकरवडी

हे माहीत नव्हतं. मुलीला भीतीतून काढायला ही इतकं करते, आणि हिच्या भीतीला मात्र नाजूकपणा म्हणायचं.

टेक्ससकर

आणि त्या दिवशी संध्याकाळी कँडी सगळ्या पोरांना सिनेमाला घेऊन गेली. ठरल्याप्रमाणे. पोहण्याची शिकवणीही झाली होती.

अ‍ॅलनचा भाग राहिलाच. तो दिवसभर सेंट पॉलहून घरी फोन लावत होता, कुणी उचलेना. त्यानं कँडीलाही फोन केला. ती म्हणाली, मी गेले तेव्हा ठीक होती. मग शेजाऱ्यांना फोन. रात्र पडल्यावर तीन शेजारी घरात शिरले. आधी बाळ सापडलं, सकाळपासून एकटं, रडून रडून दमलेलं. मग ती खोली. रक्त इतकं होतं की त्यांना वाटलं गोळी मारलीय, आणि अ‍ॅलनला फोनवर तसंच सांगितलं गेलं.

नगरकर

त्या तीन शेजाऱ्यांवर कुणी मालिका काढणार नाही. खरं तर त्या रात्री बेटीसाठी जे करायचं ते त्यांनीच केलं.

मिरमिरा

मला अजूनही वाटतं की ज्यूरीनं कायद्याप्रमाणेच केलं, वकीलसाहेबांनी लिहिलंय ते वाचून तर जास्तच. पण 'घरी असं वातावरण असेल तर' हे माझं वाक्य परत वाचलं, आणि ते मी एखाद्या पुरुषाबद्दल लिहिलं असतं का, हा विचार करतेय.

मुलींचं पुढे काय झालं?

कुंदकळी

दोघींना बेटीच्या आईवडिलांनी कॅन्ससला वाढवलं. अ‍ॅलननं पुढे दुसरं लग्न केलं. कँडीचं कुटुंब टेक्सस सोडून जॉर्जियाला गेलं. बेटीला नॉर्विचलाच पुरलं.

मुलींची नावं नेटवर सापडतात, पण इथे कुणी टाकू नका, फोटोही नको. त्यांनी कुठल्या मालिकेसाठी अर्ज केला नव्हता. ज्यूरीबद्दल आणखी काही असेल तर वकीलसाहेबांना विचारा, मला उद्या सकाळची पाळी आहे.